मुले बदलतात, जागा बदलू नये

माउली, पायी वारीत आपण त्यांना नक्की पाहिले असेल. पालखी मुक्कामाहून निघते, माणसांचा लोंढा पुढे सरकतो, आणि मागे उरलेल्या माळावर डोक्याला टोपी, हातात मोजे घातलेली कॉलेजची मुलेमुली वाकून पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या गोळा करीत असतात. कुणी औषधाच्या टेबलापाशी बसून पायाच्या फोडांना मलम लावते, कुणी रोपे वाटते, कुणी गर्दीत दोर धरून उभे असते. छातीवर एक बिल्ला असतो, त्यावर रथाचे चाक. ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे आहे. चाकाला आठ आरे, म्हणजे आठही प्रहर सेवेला तयार, असा त्याचा अर्थ सांगतात. राष्ट्रीय सेवा योजनेची ही मुले. आपल्यातले बरेचजण त्यांना 'एनएसएसची पोरं' म्हणून ओळखतात.

आपण त्यांना 'माउली' म्हणून हाक मारतो, तीही उलट 'माउली' म्हणतात आणि पालखी पुढे जाते. पण कधी मनात आले का, की पुढच्या वर्षी याच माळावर हीच मुले असतील का? ही नसली, तर याच कॉलेजची दुसरी तरी असतील का? की त्या वेळी कोणी भलतेच असेल, किंवा कोणीच नसेल?

हा प्रश्न मी वारकऱ्यांपुढे मांडतो, कारण पुन्हा पुन्हा येण्याची विद्या आपल्याइतकी जुनी कुणाकडे नाही. 'वारी' या शब्दातच खेप आहे, फेरी आहे. एकदा पंढरपूर पाहून आलेला माणूस यात्रेकरू. दरवर्षी जातो तो वारकरी. आणि कॉलेज व गाव यांच्यातल्या सेवेच्या नात्याचे गेल्या शंभर वर्षांत जे झाले, ते सगळे या खेपेपाशीच येऊन अडते, असे मला वाटते. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

विद्यार्थ्याने शिकता शिकता समाजाची सेवा करावी, हा विचार स्वातंत्र्याबरोबर दिल्लीत पोहोचला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वेच्छेने राष्ट्रसेवा करण्याची कल्पना मांडली. नंतर १९५९ मध्ये आपल्याच मुलखातले चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. त्यांचे म्हणणे मोठे धाडसी होते. शाळा संपवून कॉलेजात जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी! पैसा किती लागेल आणि व्यवस्था कोण पाहील, या अडचणींपुढे ती शिफारस टिकली नाही. मग डॉ. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या युवकसेवेचा अभ्यास केला, पाठोपाठ कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर सेवेचा काही भाग असावा असे सांगितले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सक्ती गळाली होती, इच्छा उरली होती.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. तुळशीची माळ कुणी कुणाच्या गळ्यात जबरदस्तीने घालत नाही. मात्र एकदा घातली की नेम सुरू होतो. एकादशी चुकवायची नाही, वारी चुकवायची नाही. सेवा योजनेने यातला पहिला अर्धा भाग घेतला. दुसरा अर्धा घेताना काय झाले, ते पुढे पाहू. योजनेचा हिशेब असा, की विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे. कॉलेजने एखादे गाव 'दत्तक' घ्यायचे. एका प्राध्यापकाकडे कार्यक्रम अधिकारी म्हणून जबाबदारी. सुरुवातीची काही वर्षे मोठ्या संकटांची होती. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, आणि १९७३ मध्ये देशभरची विशेष शिबिरे 'दुष्काळाविरुद्ध युवक' या विषयावर झाली. पुस्तकातले पोर खडी फोडणाऱ्या माणसाशेजारी येऊन उभे राहिले, ही काही लहान गोष्ट नव्हती.

आता दिल्लीतून आळंदीला येऊ. कारण दिल्लीत समित्या बसण्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये, वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. जोग महाराज तरुणपणी तालमीतले मल्ल. संप्रदायाचे ज्ञान काही घराण्यांपुरते न राहता शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या मुलालाही ज्ञानेश्वरी, गाथा, उपनिषदे नीट शिकता यावीत, म्हणून त्यांनी हे केले. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी काही नाही. मग विद्यार्थ्यांनी जेवायचे काय? मधुकरी.

मधुकरी या गोष्टीपाशी मला जरा थांबू द्या. मधमाशी फुलाफुलावर जाऊन थोडा थोडा रस घेते, एकाही फुलाला ओरबाडत नाही, त्यावरून हा शब्द. विद्यार्थ्याने झोळी घ्यायची, घरोघर जायचे, दारात उभे राहायचे, आणि मिळेल ते अन्न प्रसाद समजून खायचे. वरून पाहिले तर हे भीक मागणे दिसते. पण त्यात काय काय घडते, पाहा. एक तर, शिकणारा मुलगा रोज गावाच्या दारात जातो. गावातल्या बाईला त्याचे नाव कळते, त्याचे गाव कळते, तो दोन दिवस आला नाही तर तो आजारी आहे का, याची ती चौकशी करते. दुसरे, गाव देणारे होते. शिकलेला माणूस गावाला काही द्यायला आला आहे, असे तिथे सुरुवातीलाच नसते. आधी गाव त्याला पोसते आणि मग तो कीर्तन-प्रवचनाने त्याची फेड करतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चार वर्षांनी मुलगा जातो, पण झोळी जात नाही. त्याच दारात दुसरा मुलगा उभा राहतो. सुनेच्या हातून भाकरी घेणाऱ्याला ठाऊक नसते की आपल्या आधी किती जणांनी तिच्या सासूच्या हातची भाकरी खाल्ली आहे. सुनेला मात्र ते ठाऊक असते.

आजच्या भाषेत सांगायचे, तर शिक्षणसंस्था आणि गाव यांची ही भागीदारी होती, आणि ती एकाही करारपत्राशिवाय चालली. तिथून शिकून गेलेली मुले आपापल्या गावी कीर्तनकार झाली, हरिनाम सप्ताह उभे राहिले, आणि आळंदीच्या घरांनी घातलेली भाकरी मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात कीर्तनाच्या रूपाने पोहोचली. (झोळी घेऊन घरोघर जाण्याची ही रीत मुलग्यांचीच, हेही सांगायला हवे. सेवा योजनेच्या बिल्ल्याखाली मुलगी मुलाच्या बरोबरीने माळावर उभी असते. ते आपल्याकडे यायला वेळ लागला.)

जोग महाराजांच्या परिवारातलेच शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर. आपण त्यांना मामासाहेब म्हणतो. ते पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि त्याच वेळी वारी करणारे, कीर्तन करणारे वारकरी. त्यांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरी आजही घराघरांत वाचली जाते. एकाच माणसाच्या अंगावर कॉलेजचा कोट आणि वारकऱ्याचे उपरणे असू शकते, हे त्यांनी जगून दाखवले. तरीही त्यांच्या काळात पुण्याचे कॉलेज आणि आळंदीची झोळी या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या, असे माझे मत आहे. मामासाहेब १९६८ मध्ये गेले. सेवा योजना सुरू झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

या दोन वाटा जिथे खरोखर एकमेकींना भेटल्या, ती जागा पश्चिम महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. महात्मा गांधी १९२७ मध्ये तिथे आले आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुले जमिनीत राबत, स्वयंपाक करीत, बांधकामाला हात लावीत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावोगावच्या लोकांनी धान्य, जागा आणि अंगमेहनत दिली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर.

आणि १९५४ मध्ये कराडला संस्थेने जे कॉलेज काढले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. जरा विचार करा, माउली. ज्यांनी शाळेची पायरी चढली नाही, खापराचे गाडगे आणि खराटा घेऊन जे गावोगाव फिरले, त्यांचे नाव एका महाविद्यालयाला! गाडगेबाबांची रीत आपल्याला ठाऊक आहे. गावात आले की आधी खराटा चालायचा, गटारे मोकळी व्हायची, आणि रात्री कीर्तन व्हायचे. लोक लाजून स्वतः हातात झाडू घ्यायचे. सकाळी बाबा पुढच्या गावाला. बाबा म्हणजे खराटा चालवणारा एकटा स्वयंसेवक, असे कुणी म्हणेल. पण त्यांनी जे कायमचे करायचे ते दगडामातीत करून ठेवले. धर्मशाळा बांधल्या, नदीला घाट बांधले. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना इतरत्र जागा नव्हती त्यांना वारीत पाठ टेकायला जागा हवी होती. आणि ती धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू एका शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवताना त्यांना संकोच वाटला नाही. शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या माणसाला कसा वाटावा?

आता सेवा योजनेचा तो दुसरा अर्धा भाग. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. हजारो मुलांना तिने पहिल्यांदा गाव दाखवले, गाडीच्या खिडकीतून नव्हे तर फावडे हातात देऊन. पण तिची घडण अशी आहे की खेप तुटते. मूल दोन वर्षांनी बाहेर पडते. कार्यक्रम अधिकारी तीन-चार वर्षांनी बदलतो. नव्या अधिकाऱ्याला कधी जवळचे गाव सोयीचे वाटते, कधी ओळखीचे. गाव तेवढे तिथेच राहते. त्या गावात जाऊन विचारले, तर लोक सांगतात की कोणतेसे कॉलेज आले होते, शाळेत उतरले होते, देवळाला रंग दिला, रात्री नाटुकले केले, शेवटच्या दिवशी नारळ दिले. पुढे काय झाले? पुढे ते दुसऱ्या गावाला गेले.

'दत्तक गाव' हा शब्दच मला टोचतो. गाव पाचशे वर्षांचे, कॉलेज चाळीस वर्षांचे; कोणी कोणाला दत्तक घ्यायचे? आपल्या दिंडीने मुक्कामाचे गाव कधी दत्तक घेतले नाही. गाव दिंडीला घरात घेते. ओसरी देते, पिठले-भाकरी करते, पाणी तापवते, आणि निघताना पाया पडते. तीन पिढ्या एकाच वाड्यात उतरणाऱ्या दिंड्या आहेत. त्या घरातल्या मालकाचे निधन झाले तर दिंडीत दुखवटा असतो, आणि दिंडीतला म्हातारा गेला तर त्या घरी निरोप पोहोचतो. हे नाते कोणी निर्माण केले असे कुणी विचारले, तर एका माणसाचे नाव सांगता येणार नाही. पण ज्या व्यवस्थेत ते वाढले, ती घडवणारे एक नाव सांगता येईल. आरफळचे हैबतबाबा.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी ज्ञानोबारायांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा घालून दिला. ते शिंद्यांच्या पदरी नोकरीला होते. लष्कराची शिस्त त्यांनी पाहिलेली. दिंडी रथापुढे की मागे, आणि कितव्या क्रमांकाची, हे ठरले. मुक्काम ठरले, चोपदार ठरले, विणेकरी कुठे चालणार ते ठरले. या सगळ्यात त्यांनी माणूस ठरवला नाही, जागा ठरवली. चालणारे गेले, त्यांची मुले गेली, नातवंडे चालत आहेत. जागा तीच आहे. आपल्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातही हेच आहे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहारेकरी थकतो, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि काल्याचे कीर्तन झाले की पुढच्या वर्षीची तिथी कुणी जाहीर करावी लागत नाही, कारण ती ठरलेलीच असते.

कॉलेजचे शिबिरही सात दिवसांचेच. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम. पाहायला गेले तर तो सप्ताहच आहे. फक्त वीणा खाली ठेवतात.

यावर एक सोपे उदाहरण घ्या, म्हणजे मी काय म्हणतो ते नीट कळेल. वनराई बंधारा आपण पाहिला असेल. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेने तो गावोगाव नेला. पावसाळा सरला की ओढ्याला थोडी धार असते. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू-माती भरून, तोंडे शिवून, थरावर थर रचून ओढा अडवायचा. पन्नास-साठ हात लागले तर काम एका दिवसात होते, खर्च जवळपास नाही, आणि पाणी मागे तुंबून विहिरींना पाझरते, गुरांना प्यायला मिळते. हिवाळी शिबिरात मुलांकडून हे काम हमखास करून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण हा बंधारा कच्चा असतो. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातो किंवा काढावा लागतो, आणि पुन्हा कार्तिकात बांधावा लागतो. म्हणजे हे काम जन्मानेच वारीचे आहे. जे कॉलेज एकदा बांधून, त्यावर उभे राहून फोटो काढून निघून गेले, त्याने गावाला एका हिवाळ्याचे पाणी दिले. जे दरवर्षी कार्तिकात येते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला गावातली पोरे पिशव्या आधीच गोळा करून ठेवतात, ओढ्यात कोणत्या खडकाशी बंधारा टिकतो हे म्हातारा शेतकरी मुलांना दाखवतो, आणि जलविज्ञानाचा जो धडा वर्गात कळला नव्हता तो ओढ्यात कळतो. तिथे गाव शिकवणारे होते. झोळीतली भाकरी निराळ्या रूपात परत आली, असे मी म्हणेन.

आता आपल्याकडे वळू या, कारण वारीत कॉलेजच्या समोर उभा असलेला समाज म्हणजे आपणच. मुक्कामाची गावे, आणि पंढरपूर, आपल्या पाठीमागे काय भोगतात, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण ते फार बोलत नाही. लाखो माणसे एका गावात उतरतात. कुठे बसतात? वर्षानुवर्षे चंद्रभागेच्या वाळवंटात आणि गावाच्या कडेला जे साचायचे, ते काही जातींच्या माणसांना हाताने उचलावे लागायचे. मैला हाताने उचलण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, पुन्हा २०१३ मध्ये अधिक कडक झाला. पंढरपूरचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. चोखोबांच्या समाधीला डोके टेकणाऱ्यांनी हे ऐकून मान खाली घालावी, अशीच ही गोष्ट. त्यानंतर फिरती शौचालये वाढली, 'निर्मल वारी'चा उपक्रम उभा राहिला, पुणे विद्यापीठाच्या सेवा योजनेची मुले स्वच्छतेची, वृक्षारोपणाची वारी चालू लागली. भल्या पहाटे अंधारात शौचालयांच्या रांगेपाशी उभे राहून, 'माउली, इकडे या' म्हणून आपल्याला वळवणारी मुले त्यातलीच.

पण मी टाकलेली पत्रावळ त्याने उचलायची, एवढेच त्याचे-माझे नाते असेल, तर त्याला भागीदारी म्हणता येत नाही. जुन्या काळी ज्या माणसाच्या माथी आपण घाण मारली, त्याच्या जागी आता बिल्लेवाला विद्यार्थी उभा केला, इतकेच होईल. आणि तो विद्यार्थी दोन दिवसांनी घरी जातो. नगरपालिकेचा सफाई कामगार मात्र पौर्णिमेनंतरही तिथेच असतो, मुलांच्या फोटोत नसतो. मुलांना त्या कामगाराच्या शेजारी उभे करून, त्याच्याकडून काम शिकायला लावणारे कॉलेज मला अधिक आवडेल. आणि दिंडीतल्या प्रत्येकाने आपली पत्रावळ आपल्याच हाताने खड्ड्यात टाकली, तर मुलांचा वेळ म्हाताऱ्यांचे रक्तदाब तपासायला, हरवलेल्यांना त्यांच्या दिंडीत पोहोचवायला उरेल.

मला सुचते ते असे. प्रत्येक दिंडीने, निदान मोठ्या दिंडीने, आपल्या वाटेवरचे एक कॉलेज धरावे. एकच, आणि कायमचे. दिंडीचे चालक बदलोत, प्राचार्य बदलोत. दिंडीच्या वहीत जसा मुक्कामाचा वाडा लिहिलेला असतो तसे त्या कॉलेजचे नाव लिहिलेले असावे. मुले येतील त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवावे, वेगळे पाकीट देऊ नये. संध्याकाळी हरिपाठाला बोलवावे. ज्याला नको त्याने बाहेर बसावे, त्याचे मन मोडू नये. पावली शिकवावी, ती मुलांना फार लवकर येते. जाणकार म्हाताऱ्यांनी त्यांना सांगावे की या ओढ्यावर पूर्वी पाणी कसे असायचे, ही आमराई कुणी लावली, या गावात कुणाच्या घरी उतरायचो. आणि हिवाळ्यात कॉलेजचे शिबिर त्याच मुक्कामाच्या गावी भरत असेल, तर दिंडीतले चार-दोन जण तिथे जावेत. म्हणजे आषाढात गावाने दिंडीला घ्यायचे, पौषात गावाने कॉलेजला घ्यायचे, आणि तिघांची ओळख वाढत जाईल.

अडचण एक आहे, आणि ती खरी आहे. आषाढीची वारी पडते जून-जुलैत. कॉलेज तेव्हा नुकते उघडलेले असते, नव्या मुलांचे प्रवेश चालू असतात, सेवा योजनेची नवी यादी झालेलीच नसते. म्हणून वारीला येतात ती बहुधा दुसऱ्या वर्षाला गेलेली मुले, ज्यांचे एक वर्ष अनुभवाचे झाले आहे. ही मुले मिळवायची, तर ती सुट्टीला घरी जाण्याआधी, म्हणजे परीक्षा सुरू होण्याच्या सुमाराला, चैत्र वारीच्या आगेमागे कॉलेजला पत्र जायला हवे. कुणाकडे जायला हवे? प्राचार्यांच्या नावाने आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या नावाने, दोघांच्याही, कारण त्यांतला एक बदलण्याची शक्यता असते. पत्रात तिथी, मुक्काम, किती मुले हवी, त्यांत मुली किती, त्यांच्या राहण्याची, स्नानाची वेगळी सोय काय, हे स्पष्ट लिहावे. मुलींचे आईवडील आधी हेच विचारतात, आणि त्यांनी ते विचारणे योग्यच आहे.

राहिला भिशीचा प्रश्न. आपण दिंडीत जेवणाची भिशी भरतो. मुलांची कोण भरणार? शंभर वारकऱ्यांच्या दिंडीत दहा मुले वाढली, तर दर दहा माणसांमागे एका पोराचे जेवण येते. नावनोंदणीची वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर त्यांच्या दोन राहुट्या आधी धरा, एक मुलांची, एक मुलींची, आणि मग आपली नावे घाला.